पाद्रीणबाईंची सतरंजी

कोस्किला गावाच्या जुन्या शाळेत संग्रहालय काढायचं ठरलं, तेव्हा पहिलं भांडण कॉफीच्या किटलीवरून झालं. चर्चवाल्यांनी आपली किटली आणली, हॉलवाल्यांनी आपली. कॉफी एकाच दुकानातली, पाणी एकाच विहिरीचं, पण चर्चवाल्याच्या कपात हॉलवाल्यांची कॉफी पडेल तर शपथ! खरं म्हणजे कामगार संघटनेचा तो हॉल केव्हाच विकला गेला होता. विकत घेणाऱ्याने त्यात आधी बटाटे भरले, मग तो पाडून लाकडं नेली. माणसंही उरली नव्हती. किटली घेऊन येणारे हॉलवाले म्हणजे सायमा रांताला आणि तिचा धाकटा भाऊ तोइमी, एवढे दोघंच. दोघांसाठी सायमा वीस कपांची किटली भरून आणायची. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

सायमा पासष्टी ओलांडलेली, लग्न न केलेली, उंच आणि हाडापेराने मजबूत बाई. गावात तिच्या जिभेला सगळे घाबरून असत. तिच्यामागे तिला ‘लाल सायमा’ म्हणत आणि हे तिला ठाऊक होतं. आवडतही होतं.

समितीचा अध्यक्ष रेइनो साल्मेला. त्याचं हार्डवेअरचं दुकान, चर्चच्या कारभारात मोठा मान, वय पन्नाशीचं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं गोडगोडच हवं असायचं. देश स्वतंत्र होऊन दोनशे वर्षं होत होती, गावोगाव झेंडे लागत होते, आणि आपल्या बापजाद्यांनी फिनलंडहून येऊन इथे काय केलं ते जगाला दाखवावं असं रेइनोच्या मनात आलं. युहान्नुसच्या दिवशी, म्हणजे उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाला, उद्घाटन ठरलं.

“एक खोली खाणीची,” रेइनो बैठकीत सांगत होता. “कुदळी, दिवे, शिरस्त्राणं. एक खोली शेतीची. एक शाळेची. आणि मधली मोठी खोली म्हणजे पाद्रीबुवांची बैठक. हेल्मीमावशींनी सगळं सामान दिलंय. पेटी, डुलती खुर्ची, बायबल, चिंध्यांची सतरंजी, सगळं जसंच्या तसं.”

समोरच्या बाकावर हेल्मी हौताला मान खाली घालून साखरेचा खडा दाताखाली धरून बशीतून कॉफी पीत होती. ती पाद्रीबुवांची एकुलती एक मुलगी, सायमाच्याच वयाची. लहानपणी दोघी एका बाकावर बसायच्या. नंतरच्या आयुष्यात दोघींचं बोलणं ‘थंडी पडली’ आणि ‘बर्फ वितळला’ यापलीकडे गेलं नाही.

“आणि हॉल?” सायमाने विचारलं.

रेइनोने मान खाजवली. “मावशी, हॉलचं काही उरलंच नाही ना. एखादी वस्तू असेल तर आणा की. फोटो, काही.”

“फोटो आम्हीच जाळले. शेरीफ फोटो बघून माणसं उचलत होता.”

“बघा! मग आम्ही काय मांडायचं?”

“वस्तू तुमच्याकडेच आहे,” सायमा म्हणाली. “ती सतरंजी. पाद्रीणबाईंची म्हणता ना, ती. माझ्या आईने विणलीय. त्यात आमचा लाल बावटा आहे.”

मग चर्चवाल्यांच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं आणि सायमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हसा! मी सांगते काय झालं ते. खाणीच्या संपात माझी आई बायकांच्या पुढे बावटा घेऊन चालायची. फीना रांताला! तुमच्यातल्या अर्ध्यांच्या आज्या तिच्या मागे चालत होत्या, आज नाव काढत नाहीत ते सोडा. पुढे पहिलं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात शेरीफची माणसं घरोघर फिरून बावटे शोधायला लागली. ज्याच्या घरी सापडेल तो तुरुंगात, नाहीतर बोटीत बसवून फिनलंडला परत पाठवायचे. आईने बावट्याच्या पट्ट्या फाडल्या, गुंडाळून त्यांचा गोळा केला, टोपलीत टाकला आणि पाद्रीबुवांच्या घरी गेली.”

“पाद्रीबुवांच्या?” रेइनो म्हणाला. “हॉलवाली बाई?”

“विणायचा माग तिथेच होता ना! त्या हिवाळ्यात गावाचा ताणा, म्हणजे उभं सूत, त्यांच्या मागावर चढवला होता. सुताला पैसे पडतात. एक लांबलचक ताणा चढवायचा आणि पाळीपाळीने सगळ्यांनी आपापली सतरंजी विणून कापून न्यायची. ताणा विचारत नाही तू चर्चची की हॉलची. आईची पाळी होती. ती लाल पट्ट्या विणत बसली. मी मागाखाली बसून चिंध्यांचे गोळे करत होते. तेवढ्यात शेरीफची दोन माणसं बूट न काढता आत आली. मागावरचं लाल बघून एकाने विचारलं, हे कुणाचं? तेव्हा पाद्रीणबाई म्हणाली, माझं. माझ्या बैठकीसाठी विणून घेतेय, जुना परकर फाडून. पाद्रीणबाईंना खोटारडी कोण म्हणणार? गेले ते निघून. पण मग ती सतरंजी तिलाच पसरावी लागली ना, कुणी बघायला आलं तर! तेव्हापासून ती हेल्मीकडे आहे.” सायमा वळली. “सांग की गं हेल्मी. मागाखाली मी एकटी नव्हते. तूही होतीस.”

हेल्मीने बशी खाली ठेवली.

“मी लहान होते,” ती म्हणाली. “मला काही आठवत नाही. सतरंजी आईची आहे.”

“नऊ वर्षांची घोडी होतीस!”

“मावशी, मावशी,” रेइनो मध्ये पडला. “हे बघा, पुरावा नको का? सतरंजी म्हणजे सतरंजी. काळपट तपकिरी आहे सगळी, लाल कुठे दिसतं तिच्यात? आणि शेरीफसमोर पाद्रीणबाई खोटं बोलल्या असं आपण भिंतीवर लिहायचं? सणाच्या दिवशी?”

“म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं,” सायमा म्हणाली.

मत घेतलं. हॉल वगळून संग्रहालय मंजूर झालं. सायमाने आपली भरलेली किटली उचलली आणि जाताना सबंध कॉफी शाळेच्या पायरीवर ओतून गेली.

घरी तोइमी चुलीशी बसून चाकूने लाकूड तासत होता. बैठकीत तो चकार शब्द बोलला नव्हता. तो बोलायचाच कमी आणि बोलला तर वाकडंच.

“छान कॉफी होती,” तो म्हणाला. “पायरीला आवडली असेल.”

“गप्प बस. तू का मूग गिळून बसलास?”

“मी बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं का? ज्याचं त्याला ठाऊक. हेल्मीने तोंड उघडायला हवं होतं.”

“ती उघडायची नाही. बाप हॉलविरुद्ध दर रविवारी ओरडायचा आणि आईने त्याच्याच घरात बावटा लपवला. कसं सांगेल?” सायमा खिडकीशी उभी राहिली. बाहेर तळ्यावर ऊन उतरत होतं. आईची कबर त्या तळ्यापलीकडे होती, हॉलवाल्यांच्या दफनभूमीत, तिच्यावर क्रूस नाही की काही नाही. आणखी दहा वर्षांनी सायमा गेली, तोइमी गेला, की फीना रांताला नावाची बाई या गावात कधी होती हे सांगायला कुणी राहणार नव्हतं. आईसाठी रडू आलं असतं, पण त्याआधी राग आला आणि राग तिला जास्त सवयीचा होता.

“पुरावा हवाय त्यांना,” ती म्हणाली. “तोइमी, तुला आठवतं का रे, संपात पाऊस आला की आईच्या बाह्या गुलाबी व्हायच्या? बावटा हातात धरून धरून?”

“मी तेव्हा पाळण्यात होतो.”

“स्वस्तातला रंग. कधीच पक्का बसला नाही. हाताला लागायचा.” ती एकदम वळली. “परवा गावच्या सतरंज्या धुवायचा दिवस ना?”

तोइमीने चाकू खाली ठेवला. “सायमा, ती सतरंजी संग्रहालयाची झालीय. तिला हात लावायचा नाही, अशी पाटी लिहिलीय रेइनोने.”

“न धुतलेली सतरंजी ही सतरंजी नसते. ती घाण असते. आणि झाडलोटीची चावी कुणाकडे आहे? झाडू मारायला हॉलवाले चालतात बरं का त्यांना!”

कोस्किलाच्या बायका वर्षातून एकदा, युहान्नुसच्या आदल्या दिवशी, घरातल्या सगळ्या सतरंज्या तळ्याच्या लाकडी धक्क्यावर नेऊन धुतात. गुडघे टेकायचे, देवदाराच्या डिंकाचा साबण फासायचा, बादलीभर पाणी ओतायचं आणि ब्रशने खसाखसा घासायचं. ज्या घरची सतरंजी त्या दिवशी धक्क्यावर दिसली नाही, त्या घरी कुणीतरी आजारी आहे किंवा आळशी आहे, असं गाव समजतं. मात्र गेल्या काही वर्षांत पाद्रीबुवांच्या बैठकीतली सतरंजी कुणी धक्क्यावर पाहिली नव्हती. खरं म्हणजे ती तिथे कधीच आली नव्हती. ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण पाद्र्याच्या घराला आळशी म्हणायची कुणाची छाती होती?

त्या सकाळी धक्का बायकांनी भरला होता. वेलची घातलेल्या गोड पावाचे डबे उघडे पडले होते, गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यात शाळेच्या बाजूने सायमा आली. तिच्या खांद्यावर एक लांब, जड वळकटी होती आणि मागून तोइमी दोन बादल्या घेऊन येत होता. बादल्यांतून वाफ निघत होती.

“अगं बाई!” कुणीतरी म्हणालं. “गरम पाणी कशाला?”

“सौनाच्या न्हाणीघराची भट्टी पेटवली होती,” सायमा म्हणाली. “जागा द्या जरा. माझ्या आईची सतरंजी धुवायचीय.”

तिने वळकटी उलगडली. बायकांनी ओळखली आणि हातातले ब्रश थांबले. पाद्रीबुवांची बैठक सगळ्यांनी कधी ना कधी पाहिली होती. कुणी लग्न ठरवायला तिथे गेलं होतं, कुणी मृताची प्रार्थना सांगायला. सतरंजीवर अनेक वर्षांची काजळी, बुटांचा चिखल, खुर्चीच्या पायांचे डाग. मध्ये तपकिरी पट्टे दिसत होते इतकंच.

एक तरुण सून पळत सुटली. कुठे, ते सांगायला नको. सायमाने तिच्याकडे पाहिलंही नाही. गुडघे टेकले, साबण फासला आणि पहिली बादली ओतली.

काहीच झालं नाही. घाण, काळं पाणी निघालं. तोइमी तोंड वाकडं करून उभा राहिला. सायमाने दात आवळले आणि घासायला लागली. तिच्या मनात आलं, आई, तू खोटी पडलीस तर मी या तळ्यात उडी मारेन. घासत गेली. खांदे भरून आले, गुडघ्यांना फळ्यांचे वळ पडले.

रेइनो धावत आला. त्याच्या हातात देशाच्या झेंड्याच्या रंगांच्या, तांबड्या, पांढऱ्या, निळ्या झिरमिळ्या होत्या. शाळेच्या कुंपणाला लावता लावता तो तसाच आला होता.

“मावशी! काय करताय? ती संग्रहातली वस्तू आहे! बरबाद होईल!”

“ओत रे तोइमी,” सायमा म्हणाली.

तोइमीने दुसरी बादली ओतली. सायमाने ब्रश दाबून धरला आणि ओढला. फळ्यांच्या फटींतून तळ्यात पडणारं पाणी गुलाबी झालं. मग लाल. धक्क्याच्या खांबांभोवती ते असं पसरलं की पलीकडे पोहणारी पोरं ओरडत वर आली, कुणाचं रक्त सांडलं म्हणून.

“आई गं!” एक म्हातारी पुटपुटली.

सायमाने सतरंजी उलटी केली. खालच्या बाजूला काजळी पोचली नव्हती. तिथे लाल पट्ट्या होत्या, नजर ठरणार नाही अशा लाल, आणि काही पट्ट्यांवर पिवळ्या रंगाचे तुकडे. अर्धवट अक्षरं. एका पट्टीवर अक्षराचं शेपूट, दुसरीवर वळण.

“जुन्या परकरावर सोनेरी अक्षरं असतात का रे रेइनो?” सायमा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “तुमच्या पाद्रीणबाईंच्या परकरावर काय लिहिलेलं असायचं? हातच्या कांकणाला आरसा कशाला? घे, पुरावा घे! तांबड्या झिरमिळ्या चालतात ना तुला? मग हाही चालवून घे!”

पण माणूस सहज हरणारा नव्हता. “लाल कापड कुठेही असतं, मावशी,” तो म्हणाला, मात्र त्याचा आवाज खाली आला होता. “दुकानाच्या पाटीचं असेल. कुणाचंही असेल. याचा अर्थ असा नाही की पाद्रीणबाई...”

गर्दी हलली. हेल्मी आली होती. सकाळच्या प्रार्थनेचे काळे बूट, काळे मोजे, डोक्याला रुमाल. ती धक्क्याच्या टोकापर्यंत आली आणि लाल पाण्याकडे बघत उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या.

“हेल्मीमावशी, तुम्हीच सांगा,” रेइनो म्हणाला. “थांबवा यांना.”

हेल्मी खाली बसली. तिने बूट काढले. मग मोजे काढले, घडी करून बुटांत ठेवले. पांढरेफटक म्हातारे पाय फळ्यांवर टेकवून ती सायमाच्या शेजारी गुडघ्यांवर आली आणि तिच्या हातातला ब्रश हिसकावून घेतला.

“अक्कल आहे का तुला?” ती म्हणाली. “गरम पाणी ओततात का या लालवर? सगळा रंग घालवशील! आई होती तोवर थंड पाण्यात धुवायची. व्हिनेगर घालून. सौनात, दार लावून, कुणाला दिसू नये म्हणून. मी टबात ती तुडवायचे आणि माझे पाय आठवडाभर गुलाबी राहायचे. शाळेत मोजे काढायची मला बंदी होती.”

हेल्मी हलक्या हाताने ब्रश फिरवायला लागली.

“मग त्या दिवशी बैठकीत का नाही बोललीस?” सायमाने विचारलं. आता तिला ओरडताही येईना.

“कशी बोलू?” हेल्मीने घासणं थांबवलं नाही. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ती ते पुसत नव्हती. “आई खोटं बोलली. बाबांच्या घरात, बायबल शेजारी उघडं होतं. तिने बाबांना कधी सांगितलं नाही. मरताना मला म्हणाली, देव विचारेल तेव्हा काय सांगू गं? मी म्हटलं, कुणाला कळणार नाही, मी कुणाला कळू देणार नाही. तोच शब्द पाळत आले. झाकली मूठ.”

“तुझी आई खोटं बोलली म्हणून माझी आई तुरुंगात गेली नाही,” सायमा म्हणाली. “आम्हाला त्या बोटीत बसवलं नाही. आईने सांगितलं होतं मला. म्हणाली, त्या घरात एकच माणूस ख्रिस्ती होता आणि तो पाद्री नव्हता.”

हेल्मी हसली की रडली, कळलं नाही. बहुधा दोन्ही.

“आता थंड पाणी आण रे तोइमी,” ती म्हणाली. “आणि कुणाकडे व्हिनेगर असेल तर द्या, नुसत्या बघत काय उभ्या आहात!”

चार घरांतून चार बाटल्या आल्या. आधी एक बाई गुडघ्यांवर बसली, मग दुसरी, आणि थोड्या वेळाने त्या सतरंजीभोवती इतक्या बायका झाल्या की ब्रश ठेवायला जागा उरेना. त्यातल्या एकीनेही कुणाची किटली कुठली ते विचारलं नाही.

दुपारी ती सतरंजी शाळेच्या कुंपणावर वाळत घातली, लाल बाजू रस्त्याकडे. रेइनोने कुंपणाला आदल्याच दिवशी पांढरा रंग दिला होता. तो वही काढून सायमापुढे उभा राहिला. चेहरा पडलेला होता, पण वही उघडी होती.

“पाटी बदलतो, मावशी,” तो म्हणाला. “सांगा काय लिहू. आणि ठेवू कुठे? हॉलसाठी एक कोपरा काढतो.”

“कोपरा नको,” सायमा म्हणाली. “पाद्रीबुवांच्या बैठकीतच पसर. मधोमध. होती तिथेच.”

“आणि पाटीवर?”

सायमाने हेल्मीकडे पाहिलं. हेल्मी दगडावर बसून ओले पाय उन्हात धरून होती. पाय घोट्यापर्यंत गुलाबी झाले होते.

“लिही,” हेल्मी म्हणाली. “विणली फीना रांताला हिने, स्वतःच्या बावट्याची. शेरीफला खोटं सांगून वाचवली अमान्दा हौताला हिने, पाद्र्याच्या बायकोने. खोटं असंच लिही, रेइनो. गुळगुळीत करू नकोस.”

रेइनोने लिहिलं. मग वही मिटून तो दुकानाकडे गेला आणि रंगाचा डबा घेऊन आला, कारण सतरंजीतून ठिबकणाऱ्या पाण्याने त्याच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या कुंपणावर वरपासून खालपर्यंत लाल ओघळ उतरले होते आणि उद्या तर उद्घाटन. त्याने डबा उघडला, ब्रश बुडवला.

“ब्रश खाली ठेव, रेइनो,” हेल्मी म्हणाली. “राहू देत ते तसेच.”